शिलाई मशीन आणि डिझाईनची पदवी यांच्यामधला रस्ता बांधा

प्रति,
मा. शिक्षण संचालक, तंत्रशिक्षण संचालक, उच्च शिक्षण संचालक आणि कौशल्य विकास व उद्योजकता संचालक,
गोवा सरकार

सविनय नमस्कार.

बारावीचा निकाल लागला की दर वर्षी माझ्या दुकानात दोन-तीन मुली तरी येतात. ब्लाऊज शिवायला आलेल्या आईच्या मागे उभ्या असतात, हातात चित्रांची वही असते. आईची मापे घेऊन झाली की मुलगी हळूच विचारते, "बाई, फॅशन डिझायनर व्हायला काय करायचं?" आणि दर वर्षी मला तेच सांगावे लागते, की बाळा, या वर्षीची वेळ गेली.

मी म्हापशाची. आयटीआयमध्ये शिवणकामाचा एक वर्षाचा कोर्स केला, मग मुंबईत कपडे निर्यात करणाऱ्या एका कारखान्यात सॅम्पलिंग विभागात सहा वर्षे काढली, आणि घरची अडचण आली म्हणून परतले. आता सोळा वर्षे माझे स्वतःचे दुकान आहे. पदवी माझ्याकडे नाही. पण पदवी घेतलेल्या डिझायनरांच्या हाताखाली मी काम केले आहे, त्यांनी कागदावर काढलेले कपडे मी उभे केले आहेत, आणि त्यांच्यापर्यंत पोचायला मला कोणता रस्ता मिळाला नाही हेही मला नीट माहीत आहे. म्हणून हे पत्र लिहिते आहे.

आधी वेळेचे बोलते, कारण त्याला पैसा लागत नाही. निफ्ट, म्हणजे राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्था, १९८६ मध्ये दिल्लीत सुरू झाली आणि आज देशभर तिची केंद्रे आहेत. आपल्याला जवळची म्हणजे मुंबईचे, बंगळुरूचे आणि कोकण रेल्वेने एका रात्रीत पोचता येईल असे केरळातले कण्णूर. अहमदाबादची एनआयडी, म्हणजे राष्ट्रीय डिझाईन संस्था, १९६१ पासूनची. आयआयटींतल्या डिझाईन पदवीसाठी यूसीड नावाची वेगळी परीक्षा असते. या सगळ्यांचे अर्ज साधारण चतुर्थी आटोपली की सुटू लागतात, दिवाळीच्या मागेपुढे त्यांची घाई असते, आणि जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत पहिल्या परीक्षा होऊनही जातात. म्हणजे बारावीची मुलगी बोर्डाच्या तयारीत गुंतलेली असते तेव्हाच हे दार उघडते आणि बंद होते. निकाल हातात घेऊन ती माझ्याकडे येते तेव्हा निवड झालेल्या मुली वसतिगृहाची चौकशी करत असतात.

डॉक्टर आणि इंजिनिअर व्हायच्या परीक्षांच्या तारखा आपल्या शाळांत शिपायालाही पाठ असतात. निफ्टच्या चार वर्षांच्या डिझाईन पदवीला कला, वाणिज्य, विज्ञान, कोणत्याही शाखेची बारावी चालते, ही साधी गोष्ट मात्र कित्येक शिक्षकांना माहीत नसते. "तू कॉमर्स घेतलंस, आता तुला कसं जमणार?" असे एका मुलीला तिच्याच वर्गशिक्षिकेने सांगितले होते. कपडे तयार करण्याच्या तंत्राची, बी.एफ.टेक. ही वेगळी पदवी आहे, तिला मात्र बारावीला गणित हवे. म्हणजे हा निर्णय अकरावीत प्रवेश घेतानाच व्हायला हवा, आणि तो नववी-दहावीत कोणीतरी समजावला तरच होतो. प्रत्येक उच्च माध्यमिक शाळेच्या फलकावर चतुर्थीच्या सुट्टीआधी एक कागद लागावा. त्यावर कोणती परीक्षा, कोणत्या शाखेला, वयाची अट काय, फी किती, कर्ज कुठे मिळेल, एवढे मराठी-कोकणीत लिहिलेले असावे. तेवढ्यानेही पुढच्या वर्षी माझ्या दुकानातून दोन मुली कमी रडत जातील.

आता मुख्य गोष्ट. आपण शिवणे आणि डिझाईन करणे यांच्यात एक भिंत घातली आहे. अलीकडे शिवणकाम : दहावी न झालेल्या, घरची परिस्थिती बेताची असलेल्या मुलीसाठी, "निदान चार पैसे मिळतील" म्हणून. पलीकडे डिझाईन : इंग्रजी बोलणाऱ्या, चित्रकलेच्या क्लासला गेलेल्या, शहरात राहू शकणाऱ्या मुलीसाठी. भिंतीच्या या बाजूच्या मुलीला पलीकडे जाण्याची वाट कोणी सांगत नाही. आणि पलीकडची मुलगी चार वर्षे शिकून येते, तरी कारखान्यात पहिले सहा महिने मास्टरच्या मागे उभी राहून मुंढ्याचा, म्हणजे बाही जोडायच्या जागेचा, गोल कसा धरायचा ते नव्याने शिकते. हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

कपडा कसा जन्माला येतो ते थोडे सविस्तर सांगते, कारण खात्यात बसून निर्णय घेणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी ते जवळून पाहिले असेल. डिझायनर चित्र काढते. त्या चित्रातली बाई नेहमी उंच, बारीक आणि हलकी असते. मग पॅटर्न करणारा त्या चित्रावरून कागदी खाका कापतो : पुढचा भाग, मागचा भाग, बाही, कॉलर, टक्स कुठे, उभा धागा कोणत्या बाजूला. तो खाका आधी मांजरपाटावर ठेवून स्वस्तातला नमुना शिवतात. तो अंगावर चढवला की चित्राचे खोटे बाहेर पडते. खांद्यावर सुरकुती येते, छातीशी ओढते, बाही वर करता येत नाही. मग टाचण्या लावा, उसवा, खाका दुरुस्त करा, पुन्हा शिवा. दोन-तीन फेऱ्या झाल्यावर खरे कापड कापायचे. उरेबात कापलेला घागरा एक रात्र टांगून ठेवावा लागतो, कारण तिरपे कापड स्वतःच्या वजनाने खाली उतरते आणि दुसऱ्या दिवशी घेर कमी-जास्त झालेला असतो. हे वाचून कळते, पण हाताला कळायला शिवावेच लागते. नमुना पास झाला की मापांप्रमाणे खाका लहान-मोठा करायचा, शिलाईचे प्रत्येक माप कागदावर उतरवायचे, म्हणजे दुसऱ्या गावातल्या कारखान्यातही तोच कपडा निघेल. आणि मग हिशेब.

हिशेब तर मुलींना कोणी शिकवतच नाही. हल्ली समुद्रकिनाऱ्यावरच्या दुकानांत सुती सैलसर शर्ट फार खपतात. सव्वादोन मीटर कापड २२० रुपयांनी धरले तर ४९५. बटणे, दोरा, कॉलरचा कॅनव्हास ६०. कटिंग आणि शिलाई ३५०. इस्त्री आणि पिशवी ३०. झाले ९३५. दुकानदाराला स्वतःचा नफा हवा, भाडे द्यायचे आहे, चार शर्ट पडून राहणार आहेत. मग तो शर्ट ९९९ ला विकणारी नवशिकी मुलगी सहा महिन्यांत मशीन विकायला काढते, यात तिचा दोष काय? तिने डिझाईन चांगलेच केले होते.

या सगळ्या टप्प्यांवर वेगवेगळी माणसे पोट भरतात. पॅटर्न मास्टर, सॅम्पल शिवणारी, संगणकावर खाके करणारा, कापडाची छपाई आणि वीण ठरवणारी वस्त्र डिझायनर, खरेदीदाराशी बोलून ऑर्डर वेळेत पार पाडणारी मर्चंडायझर, गुणवत्ता तपासणारा, सिनेमा-नाटकाचे कपडे करणारी, हॉटेलांचे गणवेश करणारी. आपल्या मुलींच्या डोळ्यांसमोर फक्त रॅम्पच्या टोकाला येऊन नमस्कार करणारी व्यक्ती असते. तिथवर फार थोडे जण पोचतात. बाकीची कामे सन्मानाची आणि कायम मागणीची आहेत, हे शाळेत सांगितले गेले तर पालकांचाही जीव थोडा खाली पडेल.

आयटीआयचे पाहा. 'स्युइंग टेक्नॉलॉजी' एक वर्षाचा, आठवी पास मुलीसाठी. 'फॅशन डिझाईन अँड टेक्नॉलॉजी' एक वर्षाचा, दहावी पास मुलीसाठी. दोन्ही कोर्स चांगले आहेत, पहिल्याने तर मला उभे केले. पण त्यांच्यापुढे काय? निफ्टमध्ये डिप्लोमा झालेल्यांना पदवीच्या मध्यात घेण्याची सोय आहे, मात्र त्यासाठी तीन-चार वर्षांचा डिप्लोमा लागतो. एक वर्षाचे प्रमाणपत्र तिथे चालत नाही. आणि पदवीला बसायचे तर वय २४ च्या आत हवे. आता विचार करा : सत्तरी तालुक्यातली एखादी मुलगी आठवीनंतर शाळा सोडते, आयटीआय करते, चार-पाच वर्षे कुणाच्या दुकानात शिवते, हात तयार होतो, मग तिला वाटते आपण पुढे शिकावे. तोवर दहावी-बारावी बाहेरून पूर्ण करता करता तिचे वय निघून जाते. हाताला सगळ्यात जास्त येते ती मुलगी नेमकी बाहेर राहते.

म्हणून माझी पहिली आणि सगळ्यात मोठी मागणी ही आहे. आयटीआयचे शिवणकाम, त्यानंतर डिप्लोमा, त्यानंतर पदवी अशी सलग वाट गोव्यात तयार करा. आयटीआयत शिकलेले पुढे मोजले जावे, तेच ते पुन्हा शिकायला लावू नये. दुकानात पाच-सात वर्षे काम केलेल्या बाईच्या हाताची परीक्षा घेऊन तिला थेट वरच्या वर्गात घ्या. चार संचालनालयांनी एका टेबलाभोवती बसल्याशिवाय हे होणार नाही, म्हणूनच चौघांनाही एकाच पत्रात विनंती केली आहे. शिवाय कोर्सची मशीनेही बदला. घरगुती मशीनवर शिकलेली मुलगी कारखान्यातल्या जुकीवर, म्हणजे वेगवान औद्योगिक मशीनवर, बसली की पायाखालून गाडी सुटल्यासारखी शिलाई पळते. माझी पहिल्याच दिवशी बोटातून सुई गेली होती. वर्षातले दोन महिने जरी औद्योगिक मशीनवर गेले तरी ही भीती निघून जाईल.

केंद्राच्या पीएम विश्वकर्मा योजनेत सप्टेंबर २०२३ पासून शिंप्यांचाही समावेश आहे. अवजारांसाठी १५,००० रुपये आणि ५ टक्के व्याजाने दोन टप्प्यांत ३ लाखांपर्यंत कर्ज मिळते. ते चांगलेच आहे. त्यातून मशीन येते. मशीनवर काय वेगळे शिवायचे हे मात्र शिकण्यातूनच येणार.

काही जण म्हणतील, गोव्यात ही संस्कृतीच नाही, ते मुंबई-दिल्लीचे काम. यावर मला मनापासून राग येतो. निफ्टच्या प्रवेशात लेखी आणि चित्रांच्या परीक्षेनंतर एक हातकामाची परीक्षा असते. समोर तार, कागद, दोरा, पुठ्ठा असे काहीबाही ठेवतात आणि दिलेल्या प्रसंगावरून वस्तू करून दाखवायला सांगतात. आमची मुले चतुर्थीला रानात फिरून आणलेल्या फळाफुलांची माटोळी गणपतीच्या वर बांधतात, दिवाळीला नरकासुर आणि आकाशकंदील करतात, नाताळात शेजारच्या घरात गोठा उभा करतात, शिगम्यात चित्ररथांचे कपडे रात्री जागून शिवतात. माटोळी बांधणाऱ्या मुलाला वजन, रंग आणि तोल यांच्याबद्दल जे कळते ते कुठल्याही क्लासमध्ये पैसे देऊन मिळत नाही. फक्त कोणी त्याला सांगत नाही की, अरे, हीच ती परीक्षा आहे.

आणि नाटके! गोव्यातल्या गावागावांत जत्रेला मराठी नाटक होते, पेडण्याकडे दशावतारी काला होतो. त्यातले किती कपडे ड्रेपरीवाल्याकडून भाड्याने येतात, आणि दर वर्षी तीच फिकी पडलेली जरीची अंगरखी अंगावर चढतात. कोल्हापुरात १९२९ साली जन्मलेल्या भानू अथैया जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकल्या, मासिकासाठी फॅशनची चित्रे काढू लागल्या, त्यातून सिनेमाच्या वेशभूषेकडे वळल्या आणि 'गांधी' चित्रपटाच्या वेशभूषेसाठी १९८३ साली ऑस्कर मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय ठरल्या. मराठी मुलखातून निघालेली ही वाट आहे. आपल्याकडे पणजीत कला महाविद्यालय आहे, कला अकादमी आहे, २००४ पासून दर वर्षी इफ्फी, म्हणजे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, भरतो. पणजीच्या कला महाविद्यालयातली चित्रकलेची विद्यार्थिनी, आयटीआयमधली शिवणारी मुलगी आणि गावातले नाटक मंडळ या तिघांनी मिळून एका नाटकाचे कपडे करावेत, एवढा उपक्रम खात्याने दिला तरी तीन ठिकाणची मुले एकमेकांना ओळखू लागतील.

फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांचे नाव घेतल्याशिवाय गोव्यात हे पत्र पुरे होणार नाही. खानपान व्यवसायाचे शिक्षण घेऊन ते ओमानमध्ये नोकरीला होते. तिथून पुढे लॉस एंजेलिस आणि पॅरिसमध्ये फॅशन शिकले, आणि नाव झाल्यावर राहायला आले ते म्हापशाशेजारच्या कोलवाळला. विस्मरणात चाललेल्या कुणबी साडीला त्यांनी पुन्हा हातमागावर आणले. २०१४ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २०२० च्या फेब्रुवारीत ते गेले. त्यांच्या आयुष्यातली एक गोष्ट मी मुलींना नेहमी सांगते : त्यांनी फॅशनचे शिक्षण नोकरी केल्यानंतर घेतले. उशिरा शिकायला लागलेला माणूस इथे कामी येतो. पण त्यांना परदेशी जावे लागले, आणि प्रत्येकाला ते परवडणार नाही.

कुणबी साडीचा तांबडा चौकडा आता शहरातल्या बायकाही आवडीने नेसतात. पण खांद्यावर गाठ मारून ती नेसायची पद्धत, मांडो नाचताना ख्रिस्ती बायकांनी घालायचा पानो-भाजू, त्यावर पांघरायचे पांढरे वस्त्र म्हणजे ओल, आजीच्या हातची क्रोशाची लेस, यांचे खाके आणि मापे आपल्या किती विद्यार्थ्यांनी कागदावर उतरवली आहेत? माझ्या ओळखीची एक म्हातारी बाई होती. ख्रिस्ती मुलींच्या पहिल्या कोमुन्यावाच्या, म्हणजे चर्चमधल्या पहिल्या प्रसादविधीच्या, आणि लग्नाच्या पांढऱ्या झग्यांसाठी लांबून लोक तिच्याकडे येत. ती खाका वापरत नसे, थेट सॅटीनवर कात्री चालवी. गेल्या पावसाळ्यात ती वारली. तिच्या हाताखाली शिकलेली एकही मुलगी नाही, आणि तिच्या झग्याची कळी, म्हणजे घेराचा तिरपा तुकडा, ज्या गोलाईने पडायची ती मला अजून जमलेली नाही. डिझाईन शिकणाऱ्या मुलांना अशा बायकांकडे महिनाभर बसवा आणि त्या बायकांना शिकवण्याचे मानधन द्या.

इथेच आणखी एक सांगते, कारण फार कमी लोकांना ठाऊक आहे. कारागीर आणि कारागिरांच्या मुलांसाठी निफ्टने प्रवेशाचा स्वतंत्र प्रवर्ग ठेवला आहे. त्यासाठी सरकारी कारागीर ओळखपत्र लागते. क्रोशा, भरतकाम करणाऱ्या गोव्यातल्या आयांना ते ओळखपत्र मिळवून देणे हस्तकला खात्याच्या मदतीने सहज शक्य आहे. आईच्या सुईच्या जोरावर मुलीला प्रवेश मिळू शकतो, आणि त्या आईला हे माहीत नाही.

आता पैशाचे आणि फसवणुकीचे. निफ्ट सरकारी असली तरी चार वर्षांची फी दहा लाखांच्या पुढे जाते, वर राहणे-खाणे वेगळे. गोवा शिक्षण विकास महामंडळाची बिनव्याजी शैक्षणिक कर्जाची योजना आहे. डिझाईनच्या कोणत्या पदव्यांना ती मिळते हे त्याच फलकावर ठळक लिहावे. माहिती नसली की माणूस जवळच्या चकचकीत काचेच्या दारात शिरतो. माझ्या नणंदेच्या मुलीचे असेच झाले. एका खासगी संस्थेने "डिग्री" म्हणून सांगितले, माझ्या नणंदेच्या यजमानांनी मुदत ठेव मोडून तीन लाख भरले. दोन वर्षांनी हातात आले ते फक्त त्या संस्थेचे प्रमाणपत्र. पदवी देण्याचा अधिकार विद्यापीठाला किंवा निफ्टसारख्या, कायद्याने तो मिळालेल्या संस्थेलाच असतो; त्या संस्थेला तो नव्हता आणि कोणत्याच विद्यापीठाची संलग्नता नव्हती. पुढे मास्टर्सचा अर्ज भरायला गेली तेव्हा कळले की त्यासाठी मान्यताप्राप्त पदवीच हवी. मुलगी हुशार आहे, आज एका बुटिकमध्ये काम करते. पण ती दोन वर्षे आणि ती ठेव परत आली नाही. दर वर्षी प्रवेशाच्या मोसमात संचालनालयाने गोव्यातल्या मान्यताप्राप्त कोर्सची यादी वर्तमानपत्रांत छापावी. विद्यापीठ कोणते, पदवी की प्रमाणपत्र, एवढे दोन रकाने पुरेत.

दमणमध्ये निफ्टचे केंद्र आहे. १९८७ पर्यंत गोवा, दमण आणि दीव एकच केंद्रशासित प्रदेश होता, म्हणून हे वाचले की मनाला लागते. गोव्यात केंद्र यावे असे मलाही वाटते. निफ्टच्या काही केंद्रांत त्या त्या राज्यातल्या मुलांसाठी अधिवासाच्या जागा असतात, आपल्या मुलांना तो आधार नाही. पण इमारत होईल तेव्हा होईल. मला आज हवी आहे ती एक मोठी खोली : चार औद्योगिक मशीने, एक ओव्हरलॉक, कापणीचे लांब टेबल, वेगवेगळ्या मापांचे पुतळे, संगणकावर खाके करायची सोय आणि भिंतीवर गोव्याच्या जुन्या कपड्यांचे खाके. म्हापसा, फोंडा, मडगाव, कुठेही. दिवसा विद्यार्थ्यांना आणि संध्याकाळी काम करणाऱ्या बायकांना ती खुली असावी. निफ्टच्या शिक्षकांना सुट्टीत आठ-पंधरा दिवस तिथे बोलवा.

दर शनिवारी दुपारचे दोन तास मी त्या खोलीत फुकट शिकवायला येईन. खोली होईपर्यंत ज्या शाळेला हवे असेल त्या शाळेने बोलवावे, मांजरपाट, खडू आणि कात्र्या माझ्या. शुक्रवार तेवढा सोडा, त्या दिवशी म्हापशाचा बाजार असतो आणि गावोगावच्या बायका शिवलेले कपडे न्यायला येतात.

आपली नम्र,
शिवणकाम करणारी एक बाई
म्हापसा, बार्देश